परतीचे दोर कापलेला पाकट

डोंबिवलीच्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. मुलाच्या दहावीच्या निकालाची भेट म्हणून त्यांनी तळहाताएवढा ‘मोटोरो रे’, म्हणजे नदीत राहणारा पाकट, आणला आणि साडेतीन फुटी टाकीत सोडला. विकणाऱ्याने सांगितलं, ‘हा मूळचा समुद्राचा जीव, पाण्यात मूठभर खडेमीठ टाकत जा.’ चार दिवस झाले, रे काही खात नाही. त्याच्या चकतीसारख्या चपट्या अंगाच्या कडा वर वळल्यासारख्या दिसतात. आणखी मीठ घालायचं का? घरात लहान पुतणी आहे, हा चौपाटीवरच्या पाकटासारखा काटा मारतो का? आणि उद्या फार मोठा झालाच, तर तलावात सोडला तर चालेल का?

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. मीठ आजपासून बंद. रात्री एक तृतीयांश पाणी बदला, सकाळी पुन्हा तेवढंच. नवं पाणी आधी बादलीत घेऊन अँटी-क्लोरीनचे थेंब टाका, आणि ते टाकीतल्या पाण्याइतकंच कोमट असू द्या. अमोनिया मोजायचं किट घरात नसेल तर जेवणाआधी ते आणा. कुठलंही औषध, विशेषतः तांबं असलेलं, घालू नका. कडा वर वळणं हे या छंदात वाईट लक्षण समजतात. पण चौथ्या दिवशी मासा जिवंत आहे, म्हणजे वेळ गेलेली नाही.

आता मिठाबद्दल. विकणाऱ्याचं म्हणणं ऐकायला पटण्यासारखं आहे, म्हणून तर ते इतकं पसरलंय.

ज्याच्या घरी मासे येतात त्याला पाकटाचा आणि मुशीचा वास वेगळा सांगायला नको. जरा शिळी झाली की नाकाला झोंबते. कोळीणमावशी पाकट तोडून देताना ‘आजच करायचाय ना?’ असं विचारते ते उगाच नाही. तो वास अमोनियाचा, आणि अमोनिया येतो युरियातून. समुद्राचं पाणी माशाच्या अंगातल्या पाण्यापेक्षा कितीतरी खारट, त्यामुळे शरीरातलं पाणी सारखं बाहेर ओढलं जातं. सुरमई-बांगड्यासारखे मासे समुद्राचं पाणी पितात आणि जादा मीठ कल्ल्यांवाटे बाहेर फेकतात. शार्क आणि पाकट यांनी दुसरीच युक्ती काढली. जो युरिया आपण लघवीवाटे टाकून देतो, तो ते रक्तात साठवून ठेवतात. समुद्री पाकटाच्या एक लिटर रक्तात साधारण ३५० ते ४०० मिलिमोल युरिया असतो. तुमच्या-आमच्या रक्तात तो ५ च्या आसपास असतो, आणि त्याच्या सहा-सातपट झाला की डॉक्टर डायलिसिसची भाषा बोलू लागतात. पाकट मात्र सत्तरपट घेऊन मजेत पोहतो. एवढं सगळं अंगात विरघळलेलं असल्यामुळे आतलं पाणी समुद्राच्या तोडीस तोड होतं आणि बाहेर ओढलं जात नाही. मासा मेल्यावर जिवाणू त्या युरियाचा अमोनिया करतात आणि शेजाऱ्यांना कळतं की आज तुमच्याकडे काय शिजतंय.

१९६७ साली थॉमस थॉर्सन या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर दक्षिण अमेरिकेतल्या नदीतल्या पाकटांचं, म्हणजे तुमच्या मोटोरोच्या कुळाचं रक्त तपासलं. युरिया निघाला लिटरला जेमतेम १ मिलिमोल. म्हणजे माणसाच्याही रक्तापेक्षा कमी. या कुळाचं शास्त्रीय नाव पोटामोट्रिगॉनिडे, आणि नद्यांत राहणाऱ्या त्याच्या तीसहून जास्त प्रजाती ज्ञात आहेत. युरिया साठवणं त्यांनी सोडून दिलंय. समुद्री पाकटात जादा मीठ बाहेर टाकणारी एक ग्रंथी आतड्याच्या शेवटाला असते. यांच्यात ती आक्रसून नावापुरती उरली आहे. मूत्रपिंडही युरिया परत ओढून घेत नाही. आणि खरी गोष्ट पुढेच आहे: यांना खारट पाण्यात हळूहळू नेलं तरी ते युरिया पुन्हा साठवू शकत नाहीत. निमखारं पाणी काही काळ सोसतात, त्यापुढे नाही. तान्हाजी पडल्यावर सिंहगडावर म्हणे परतीचे दोर कापले होते. या माशाने समुद्राकडे जाणारे दोर तसेच कापलेत, तेही कोट्यवधी वर्षांपूर्वी.

म्हणून ‘मूळचा समुद्राचा’ हे वाक्य खरं असूनही निरुपयोगी आहे. देवमाशाचे पूर्वज जमिनीवर चालत होते, म्हणून कोणी त्याला गवत घालत नाही.

मग हा समज आला कुठून? माझा तर्क असा की नदीत सापडणारे सगळे शार्क-पाकट लोक एकाच टोपलीत टाकतात. २०२४ च्या फेब्रुवारीत पालघर जिल्ह्यात वैतरणेच्या पात्रात शार्कने एका माणसाच्या पायाचा लचका तोडला. तो बुल शार्क असावा असं तेव्हा बोललं गेलं. बुल शार्क नदीत शिरतो तेव्हा युरिया कमी करतो, पण सोडत नाही, समुद्रात परतला की पुन्हा वाढवतो. निकाराग्वाच्या सरोवरातले शार्क तिथे अडकलेले नसून सान हुआन नदीतून समुद्रात ये-जा करतात, हेही थॉर्सननेच खुणेच्या पट्ट्या लावून दाखवलं. फ्लोरिडातल्या सेंट जॉन्स नदीत एक पाकट कायम गोड्या पाण्यात राहतो, तिथेच वितो, तरी त्याच्या रक्तात लिटरला २०० मिलिमोलच्या जवळपास युरिया असतो. त्याने दोर अजून कमरेला बांधून ठेवलाय. आग्नेय आशियातला पांढऱ्या कडेचा छोटा नदी-पाकटही निमखाऱ्या पाण्यात नेला की युरिया वाढवतो. त्या माशाला मीठ चालतं, हे खरं. बँकॉककडून येणाऱ्या मालाबरोबर त्या माशाचा सल्ला या माशाला चिकटला असणार.

मोटोरोचं घर म्हणजे ॲमेझॉन, ओरिनोको, पॅराग्वे-पराना यांची खोरी. शास्त्राने त्याचं नामकरण केलं १८४१ मध्ये. मुलर आणि हेन्ले या जर्मन जोडीने. पाठीवरचे डोळ्यांसारखे, काळ्या कडेचे पिवळे-नारिंगी ठिपके ही त्याची ओळख. त्याचे पूर्वज समुद्रातून आत कसे आले याबद्दल वाद आहेत. बहुतेकांचं मत असं की उत्तरेकडचा समुद्र कधीकाळी खंडात खोलवर घुसला होता, पाणी हळूहळू गोडं होत गेलं आणि आत राहिलेले पाकट त्याबरोबर बदलत गेले. त्यातून पुढे जे निघालं ते थक्क करणारं आहे. ब्राझीलच्या शिंगू नदीतला काळ्या अंगावर पांढऱ्या ठिपक्यांचा लिओपोल्डी (बाजारात ‘ब्लॅक डायमंड’ म्हणतात तो) फक्त त्याच खोऱ्यात सापडतो. बिनठिपक्यांच्या, थाळीसारख्या गोल हेलिओट्रिगॉनला तर स्वतंत्र नाव मिळायला २०११ उजाडलं.

आपण नदी म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे उल्हास किंवा सावित्री येते. ब्राझीलमधल्या मनाउस शहराजवळ ॲमेझॉनच्या पाण्याची पातळी वर्षात दहा मीटरच्या आसपास चढते-उतरते. तीन मजली इमारत बुडेल इतकं पाणी जंगलात शिरतं आणि पाकट झाडांच्या बुंध्यांमधून पोहत अन्न शोधतात. ॲमेझॉनला मिळणाऱ्या रिओ नेग्रो नदीचं पाणी तर बिनदुधाच्या चहासारखं, आम्लधर्मी आणि क्षार जवळपास नसलेलं. तिथला एक लहानसा पाकट पानगळीच्या थरात लपून राहतो, आणि एवढ्या निकस पाण्यातूनही कल्ल्यांनी सोडियम वेचून घेतो. त्याच्याच भाऊबंदाला तुम्ही खडेमीठ घालताय. त्याने तो लगेच मरेल असं नाही, पण ज्या कामाची यंत्रणाच मोडीत काढली ते काम तुम्ही त्याच्याकडून करवून घेताय, तेही नव्या घरात, उपाशीपोटी.

खाण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे बहुतेक जण चुकतात. रेचे डोळे पाठीवर आणि तोंड पोटाकडे. म्हणजे तो जे खातो ते त्याला दिसत नाही. डोळ्यांमागे जी दोन भोकं उघडझाप करताना दिसतात ती श्वासरंध्रं. वाळूत गाडून घेतलं तरी वरून स्वच्छ पाणी आत घेता यावं म्हणून ती असतात. (‘याला चार डोळे आहेत का?’ असं मला एका शाळेच्या सहलीत विचारलं होतं. प्रश्न चांगला होता.) भक्ष्य शोधायचं ते वासाने, आणि भक्ष्याच्या अंगातून निघणाऱ्या सूक्ष्म विजेने. समुद्री पाकटात ही वीज टिपणाऱ्या जेलीभरल्या नळ्या लांबलचक असतात. खारं पाणी विजेला चांगलं वाहून नेतं, गोडं पाणी नेत नाही. त्यामुळे नदीतल्या पाकटात त्या आखडून अगदी बारीक झाल्या आहेत. इथेही समुद्राची सोय मोडून नदीची सोय केली गेली. तेव्हा टाकीच्या वरच्या थरात तरंगणाऱ्या गोळ्या त्याच्या दृष्टीने नसल्यातच जमा. अन्न तळाशी, त्याच्या नाकासमोर पडलं पाहिजे.

काय द्यायचं? जिवंत गांडूळ हा उपाशी रेसाठी माझा पहिला उपाय, नर्सरीतून आणा, खत-औषध न लागलेलं. मग ताजी करंदी किंवा जवळा, दोनदा गोड्या पाण्यात धुऊन. सुका जवळा नको, त्यात मीठ असतं आणि आपण आत्ताच त्यावर एवढं बोललो. करंदीचं कवच सोलू नका. २०१६ मध्ये मोटोरोवरच्या एका अभ्यासात दिसलं की हा मासा किड्यांचं आणि कोळंबीचं टणक कवच अक्षरशः चावून खातो, जबडा डावी-उजवीकडे हलवून, गाय रवंथ करते त्या धर्तीवर. चावणं हे सस्तन प्राण्यांचंच काम, असं तोवर पुस्तकी मत होतं. काचेला डोळा लावून खालून बघा. तो चकतीच्या कडा जमिनीला टेकवतो, मधला भाग वर उचलतो, शिकार त्या तंबूत ओढून घेतो आणि मग पोटाखाली जबडा हलताना दिसतो. मी हे हजारदा पाहिलंय, तरी अजून काम टाकून बघत बसतो.

आता टाकी. इथे मी जरा कठोर बोलणार आहे.

समुद्री पाकट नत्राचा कचरा युरिया म्हणून टाकतो, हा बहुतांशी थेट अमोनिया म्हणून टाकतो. जितकं खाल्लं तितका अमोनिया पाण्यात. आठवड्यापूर्वी भरलेल्या टाकीच्या फिल्टरमध्ये तो पचवणारे जिवाणू वाढलेले नसतात, त्यांना चार ते सहा आठवडे लागतात. पाणी जितकं गरम आणि पीएच जितका वर, तितका त्यातला विषारी भाग जास्त. तुमचा मासा बहुधा या अमोनियानेच आजारी आहे, मीठ हा वरचा अत्याचार. त्यात पाऊस सुरू झाला की नळाचं पाणी गढूळ येतं आणि क्लोरीनचा वासही वाढतो. जूनपासून अँटी-क्लोरीनचं माप थोडं सढळ ठेवा. मेमध्ये वरच्या मजल्यावरच्या घरात टाकीचं पाणी ३२ अंशांवर जातं, आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. तेव्हा एक जादा हवेचा पंप, आणि वीज गेली तर बॅटरीवर चालणारा दुसरा, ही चैन नाही.

मोटोरोची चकती पुरती वाढली की अर्धा मीटर रुंद होते, कधी त्याहून मोठी, आणि नीट ठेवला तर तो दहा वर्षांहून जास्त जगतो. त्याला उंची लागत नाही, तळ लागतो. माझ्या हिशेबाने ८ फूट लांब, ४ फूट रुंद, २ फूट उंच याहून लहान टाकी देऊ नये. हे झालं सुमारे १,८०० लिटर. म्हणजे नुसतं पाणीच पावणेदोन टनांच्या पुढे, काच आणि स्टँड वेगळं. चाळीत, जुन्या इमारतीत, गॅलरी बंद करून केलेल्या खोलीत ते ठेवायचं नाव काढू नका. नव्या इमारतीतही आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा, सोसायटीच्या सेक्रेटरीला नाही. तळाला बारीक, गोल दाण्याची वाळू. धारदार खडी पोट सोलते. हीटर असेल तर त्याला जाळी हवी, नाहीतर रे त्याला चिकटून भाजून घेतो.

तांब्याच्या औषधाबद्दल सुरुवातीलाच बजावलं, कारण तो धडा मी स्वतः शिकलोय. १९९९ च्या पावसाळ्यात माझ्या टाकीतल्या दुसऱ्या माशांना पांढरे ठिपके आले. मी नेहमीचं औषध नेहमीच्या मापाने घातलं. बाकीचे मासे बरे झाले. रे दोन दिवसांत गेला. पाकटाला इतर माशांसारखे खवले नसतात, इतर माशांचं माप त्याला लागू होत नाही. कोणाला दोष देणार? बाटलीवर लिहिलेलं मी वाचलंच नव्हतं.

आता काटा. हो, मारतो. शेपटीवरचा काटा करवतीसारखा उलट्या दातांचा असतो, ठरावीक काळाने झडतो आणि नवा येतो. २०१३ च्या गणेशोत्सवात दीड दिवसाच्या विसर्जनाला गिरगाव चौपाटीवर पन्नासाहून जास्त लोकांना पाकटांनी डंख केला होता, ते मुंबईकर विसरलेले नसतील. ते समुद्री पाकट. त्यांच्यात विष तयार करणाऱ्या पेशी काट्याच्या खालच्या दोन खोबणींत असतात. नदीतल्या पाकटात त्या काट्याच्या सगळ्या त्वचेवर पसरलेल्या असतात. म्हणून वेदनेबरोबर मांस कुजणं, जखम आठवडेच्या आठवडे न भरणं हे नदीतल्या पाकटाच्या डंखात जास्त दिसतं. ‘गोड्या पाण्यातला आहे, सौम्य असेल’ असं समजू नका.

पण तो पाठलाग करून मारत नाही. पाय पडला, हाताने दाबला, जाळीत अडकवला, तरच. २०१० मध्ये एका गिऱ्हाइकाच्या टाकीत रे जाळीने उचलायला गेलो. काटा जाळीत गुंतला, मी सोडवायला बोट घातलं. अंगठ्यात जेमतेम सेंटिमीटरभर शिरला असेल. खांद्यापर्यंत कळ गेली आणि त्या काकूंच्या देखत मी जे शब्द उच्चारले त्याची मला आजही लाज वाटते. तेव्हापासून नियम एकच: जाळी नाही, प्लास्टिकचा टब पाण्यात बुडवायचा आणि रेला हळूच त्यात वळवायचं. लागलंच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवा, सुमारे ४५ अंश, अर्धा ते दीड तास. विष प्रथिनांचं असतं, उष्णतेने त्याचा जोर मोडतो. पाणी किती गरम आहे ते न दुखावलेल्या हाताने पाहा, दुखऱ्या हाताला त्या वेळी काही कळत नाही. बर्फ नको, हळद नको. मग थेट डॉक्टरकडे: काट्याचा तुकडा आत राहिलाय का ते बघायला, धनुर्वाताच्या इंजेक्शनला, आणि गोड्या पाण्यातल्या जिवाणूंचा संसर्ग होऊ नये म्हणून. छाती-पोटाला लागलं असेल तर गरम पाण्यात वेळ न घालवता सरळ रुग्णालय. पुतणीसाठी एकच उपाय, कुलूप लागणारं झाकण.

नर-मादी ओळखायचं विचारलेलं नाही, पण विचाराल. नराच्या शेपटीच्या मुळाशी बोटासारखे दोन अवयव असतात, ते पोटाकडून दिसतात. मादी अंडी घालत नाही, पिल्लं देते. गर्भाशयाच्या भिंतीवर केसासारखे तंतू असतात, त्यांतून पाझरणारं दाट, स्निग्ध दूध पिल्लं पोटातच पितात. आपल्याकडे बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुशी खाऊ घालतात, तिच्याच या नातलगाला निसर्गाने बाळंतपणाआधीच दूध दिलंय. जोडी लावताना मात्र जपा, नर मादीच्या चकतीच्या कडेला चावे घेऊन धरतो आणि मादीला जखमा होतात.

राहिला तलावाचा प्रश्न. नाही. ‘एकच तर आहे’ हेही नाही. १९८२ मध्ये ब्राझील-पॅराग्वे सीमेवर इताइपू धरण भरलं, वरचे ग्वाइरा धबधबे पाण्याखाली गेले आणि पराना नदीतला हजारो वर्षांचा अडसर संपला. खालच्या भागातले पाकट, त्यात तुमचा मोटोरोही, वर चढले आणि तिथे वस्ती करून बसले. ज्या वाळूच्या किनाऱ्यांवर लोक निर्धास्त पाय टाकत होते तिथे डंख बसू लागले. सिंगापूरच्या एका जलाशयात तर कोणी तरी सोडलेले मोटोरो पिल्लं देत असल्याचं आढळलं. म्हणजे उष्ण हवामान आणि गोडं पाणी एवढं त्याला पुरतं, आणि ते आपल्याकडे आहेच. उजनीच्या मच्छीमाराला विचारा, शोभेच्या टाकीतून सुटलेल्या सकर माशाने त्याच्या जाळ्याचं काय केलं.

कागदपत्रंही बघा. जंगली प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सायटीस करारात नोव्हेंबर २०२२ मध्ये लिओपोल्डीसह या वंशातल्या सात प्रजाती दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे परवान्यानेच व्यापार करता येणाऱ्यांच्या यादीत, गेल्या. भारतात २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत अशा परदेशी प्रजाती आल्या आणि २०२४ च्या नियमांनुसार त्या बाळगणाऱ्याला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. पक्कं बिल मागा, त्यावर प्रजातीचं नाव लिहून घ्या आणि ते नाव अनुसूचीत आहे का हे वनविभागाकडून खात्री करून घ्या. बिल देत नसतील तर त्यातच काय ते समजा.

मोठी टाकी जमणार नसेल तर मासा आत्ता, लहान असतानाच, जागा असलेल्या जाणत्या माणसाकडे द्या. दोन फुटी रे घ्यायला कोणी तयार होत नाही, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. तोवर दोन दिवस पाणी बदला, तिसऱ्या दिवशी दिवे मालवून एक गांडूळ त्याच्या नाकासमोर सोडा आणि खोलीबाहेर जा. सकाळी अमोनियाचा आकडा आणि पोटाकडून काढलेला एक फोटो पाठवा. पोटावर लाली असेल तर पुढचं वेगळं सांगावं लागेल.